चार हजारांचा मॉनिटर

महाल, नागपूर

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू 'हो मामा, हो मामा' करून मोकळा होतोस, म्हणून लिहितोय. काल काटोलहून तुझ्या आईचा फोन आला. तू रूममेटकडून तीन हजार उसने घेतलेस, असं त्याच्या आईनं तिच्या कानावर घातलं. कशाला, तर 'गेमसाठी'. ताई रडायच्या बेतात होती. २०२३ मध्ये आपल्या नागपुरातल्याच एका व्यापाऱ्याला ऑनलाइन जुगारात ५८ कोटींचा फटका बसल्याची बातमी आली, तेव्हापासून 'गेम' म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक असून तू हे केलंस.

मी तिला म्हटलं, आपला पोट्टा तसला नाही. मग रूममेटलाच गाठलं, तेव्हा कळलं की सदरमधला एक गेमिंग कॅफे बंद होतोय आणि तिथला चोवीस इंची, १४४ हर्ट्झचा मॉनिटर तुला चार हजारांत मिळतोय. जीव भांड्यात पडला, आणि मग राग आला. मॉनिटरच घ्यायचा होता तर लपवलंस काहून?

मला विचारायला काय झालं होतं? उभा जन्म टीव्ही उघडण्यात गेला माझा. कॅफेतला मॉनिटर म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेला. त्यात आपला मे महिना, पारा ४५ च्या घरात. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. फुगलेले कपॅसिटर मी चहा पिता पिता बदलून देईन, त्याचं काही नाही. पॅनेल गेलं तर मात्र मीही हात टेकतो, कारण नवं पॅनेल जवळजवळ नव्या मॉनिटरच्या भावात पडतं.

दुसरं. १४४ हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. पण तेवढी चित्रं पुरवणार कोण? तुझ्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जड खेळात साठ गाठतानाच त्याला धाप लागत असेल. शिवाय असे बरेच जुने मॉनिटर एचडीएमआयवरून पूर्ण वेग देत नाहीत, डिस्प्लेपोर्ट लागतो. तुझ्या मदरबोर्डला तो आहे का, वाकून पाहिलंस? नसेल तर १४४ च्या नावानं साठचाच पडदा घरी आणशील. तोही उसन्या पैशांनी!

पुन्हा तिथंच आलो बघ. चार हजारांचं मला काही वाटत नाही रे. गुपचूप मागितलेस, तेही परक्या पोराकडे, हे लागलं.

३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर वर्ल्डकपची भारत-न्यूझीलंड मॅच होती. मी तुझ्याच वयाचा, इतवारीतल्या एका दुकानात उमेदवारी करत होतो. तिकिटाचे पैसे बाबांकडे मागायची हिंमत झाली नाही. चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर अँटेना फिरवत होतो. खालून 'आलं, आलं, तसंच धर!' असा ओरडा. मी तसाच धरून उभा. गावसकरनं ८८ चेंडूंत नाबाद १०३ केले, एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं एकमेव शतक. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मी ते पाहिलं नाही. पुढं कधीतरी बाबा सहज म्हणाले, "मागितले असतेस तर दिले असते की." तुझे आजोबा कसे होते ते तुला आठवतं. खरंच दिले असते.

खेळू नकोस असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, हेही मी ताईला सांगितलं. अर्धंमुर्धं पटलंय तिला.

तर रविवारी सकाळी ये. आपण दोघं सदरला जाऊ. मागच्या लेबलवर कधी बनला ते बघू. अर्धा तास चालू ठेवून अंधारात काळा पडदा लावू, कोपरे उजळतात का पाहायला. मग पांढरा, लाल, हिरवा, निळा, म्हणजे मेलेला पिक्सेल दडून राहणार नाही. बरा निघाला तर घासाघीस मी करतो. नाही निघाला तर नवा साधा बघू, उरलेले पैसे मी घालतो. मामीला सांगू नको, तिला वाटतं दुकान नीट चालत नाही.

रूममेटचे तीन हजार माझ्याकडून ने आणि आधी त्याच्या हातात ठेव. ताईला फोन मात्र तूच कर, आज रात्रीच. जेवायला इथंच थांब. मामी पुडाच्या वड्या करणार आहे आणि तुझ्यासाठी तर्री कमी तिखट करायला मी सांगितलंय. हल्ली तुला तिखट सोसत नाही, असं ताई म्हणत होती. काय रे, खोलीवर काय खातोस तू?

तुझा,
मामा