२०० पैकी ११८



माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना कपाटात साड्यांखाली ठेवलेली निळी फाइल त्याच्या हाती लागली. मी पोळ्या करत होते. एक कागद घेऊन तो दाराशी आला आणि म्हणाला, "आई, ४० ओळी, प्रत्येकीला जास्तीत जास्त ५. २०० पैकी मला ११८ मिळाले. म्हणजे ५९ टक्के. मी पास ना?"

मी गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले.

तो कागद तुमच्यापैकी अनेक पालकांच्या घरी असेल. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, प्रमाणपत्रासाठी भरतात तो 'इसा'चा तक्ता. ७० ते १०६ सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. गुण जितके जास्त, तितकी अडचण जास्त. आपण पास झालो म्हणून खूश असलेल्या मुलाला हे कसं सांगायचं?

तोवर त्याचं बोट शेवटच्या भागावर गेलं होतं. "असाधारण स्मरणशक्ती. इथं मला पाचपैकी पाच. हे चांगलं की वाईट?"

या मुलाला लोकलचं वेळापत्रक तोंडपाठ. दादरला जायचं असलं की आजी आधी त्याला विचारते. घरात ज्याचं कौतुक, तेच कागदावर अडचणींच्या बेरजेत धरलेलं. आणि तक्त्यातली उत्तरं दिली होती कोणी? मीच. तपासणीच्या दिवशी मी बोलत होते, तो कोपऱ्यात स्टूल फिरवत होता. त्याला कोणी काहीच विचारलं नाही.

निदानाची गरज नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. २०१६च्या कायद्यानं मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नता आहे. परीक्षेतला वाढीव वेळ, लेखनिक, सगळं त्या नावावरच मिळतं. आणि नाव नव्हतं तेव्हा तरी तो बिननावाचा कुठे होता? हट्टी, लाडावलेला, 'आईनं वळण लावलं नाही'. तिशी-चाळिशीत निदान झालेली कितीतरी माणसं सांगतात, की इतकी वर्षं आम्ही स्वतःलाच वाईट समजत होतो. ते ओझं त्या एका शब्दानं उतरलं.

पण तोच शब्द आपण कसा उच्चारतो? लग्नघरी नातेवाइकाला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, "त्याला जरा ऑटिझम आहे." मूल ऐकतं. न बोलणारं मूलही ऐकतं. जे कुजबुजून सांगावं लागतं ते लाजिरवाणं असणार, एवढं त्याला नक्की कळतं.

आणि एकदा नाव चिकटलं, की आपण बघायचंच सोडतो. एकदा आठवडाभर तो भिंतीवर डोकं आपटत होता. 'ऑटिझममुळे' म्हणून आम्ही गप्प बसलो. निघाली किडलेली दाढ.

नावं तर बदलतातही. अमेरिकेतल्या निदानाच्या पुस्तकात १९९४ साली 'अ‍ॅस्परगर' आलं, २०१३मध्ये गेलं. ज्यांनी ते नाव आपलं मानलं होतं, ती माणसं होती तशीच राहिली. आपला 'स्वमग्न' शब्द घ्या, आपल्यातच बुडालेला. माझं डोकं दुखायला लागलं, की हा मुलगा न सांगता घरभर फिरून एकेक दिवा बंद करतो. याला स्वमग्न म्हणताना माझी जीभ अडखळते.

त्या दिवशी मी त्याला म्हटलं, "हे मार्क नाहीत रे. तुला कुठे किती मदत लागते, याचा हा हिशेब आहे. आणि तो मी सांगितलाय. आता तू सांग."

त्यानं वहीचं पान फाडून लिहिलं: मिक्सर लावायच्या आधी सांगा. बेत बदलला तर लिहून द्या. मिठी मारण्याआधी विचारा. गाडी कधी आहे ते मला विचारा.

आज तो सोळा वर्षांचा आहे. नव्या शिक्षकांना तेच पान आधी देतो. स्वतःला 'ऑटिस्टिक' म्हणायचं, हेही त्यानंच ठरवलं. तुमचं मूल वेगळा शब्द निवडेल, तर तो त्याचा.

तुमच्याही कपाटात अशी एखादी फाइल असेल. मुलाला ती एकट्याला सापडण्याआधी त्याला जवळ घेऊन उघडा. त्याला झेपेल तेवढंच सांगा. चित्रं काढून सांगा, खुणांनी सांगा. फक्त आवाज खाली आणू नका.