पार्सल घरपोंच करणारा चांगला ड्रायव्हर कोणता?

पूर्वीं बाहेरची वस्तु गांवांत यावयाची म्हणजे ती टपालवाला आणी, किंवा आठवड्याच्या बाजाराहून परतणारा कोणी शेजारी आणी. आतां स्थिति पालटली आहे. औषधें, पुस्तकें, कापड, फार काय, शिजविलेलें अन्नहि दारापर्यंत आणून देणारे तरुण शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गांवींहि दृष्टीस पडतात. नीति आयोगानें इ.स. २०२२ त प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा अंदाज दिला आहे कीं, इ.स. २०२०-२१ मध्यें कायम नोकरीवांचून अशा प्रकारच्या सुट्या कामांवर असणाऱ्यांची संख्या देशांत सुमारें ७७ लक्ष होती. पार्सलें पोंचविणारे यांतच येतात. खेड्यांतील कित्येक मुलगे या कामास लागले आहेत व कित्येक लागण्याच्या विचारांत आहेत. म्हणून हें काम चांगलें करणें म्हणजे काय, याचा विचार या पाठांत करूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जो सर्वांत वेगानें गाडी हांकतो तोच उत्तम ड्रायव्हर, असें पुष्कळांस वाटतें. खरी गोष्ट याहून निराळी आहे. या धंद्यांत वेळ रस्त्यावर फारसा वांचत नाहीं. तो निघण्यापूर्वीं वांचतो आणि दारापाशीं वांचतो. रस्त्यावर जें वांचवावयाचें तें मनुष्याचें जीवित होय.

१. वेगाचा हिशेब

समजा, पांच किलोमीटर दूर एक पार्सल न्यावयाचें आहे. ताशीं ४० किलोमीटर वेगानें गेल्यास साडेसात मिनिटें लागतील. ताशीं ६० वेगानें गेल्यास पांच मिनिटें. म्हणजे मिळकत केवळ अडीच मिनिटांची, आणि तीहि रस्ता अगदीं मोकळा असेल तर. वाटेंत एक सिग्नल किंवा एक बैलगाडी आडवी आली कीं ती बहुतेक जाते.

आतां या अडीच मिनिटांची किंमत पहा. ताशीं ४० वेगानें गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. ताशीं ६० वेगानें जवळजवळ १७ मीटर. समोर मूल धांवत आलें हें डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. ब्रेक लागल्यावरहि गाडी कांहीं अंतर जाते, आणि वेग दुप्पट केला तर तें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. सरकारी आंकड्यांप्रमाणें इ.स. २०२२ मध्यें भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शंभरांत सुमारें ७१ मृत्यु अतिवेगाच्या सदराखालीं नोंदलेले आहेत, आणि मेलेल्यांत शंभरीं सुमारें ४४ जण दुचाकीवरील होते.

वेगाच्या वचनाचा परिणाम काय होतो, याचें एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. डॉमिनोज नांवाची कंपनी गिऱ्हाइकांस असें वचन देई कीं, तीस मिनिटांत पिझ्झा आला नाहीं तर पैसे सोडूं किंवा कमी करूं. इ.स. १९८९ त सेंट लुई शहरीं तिच्या एका ड्रायव्हरनें लाल दिवा ओलांडला व एका बाईच्या मोटारीस धडक दिली. इ.स. १९९३ च्या डिसेंबरांत तेथील ज्यूरीनें त्या बाईस ७ कोटी ८० लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई देण्याचा निर्णय दिला, आणि त्याच महिन्यांत कंपनीनें तें वचन मागें घेतलें. हें उदाहरण ठाऊक असूनहि इ.स. २०२१ पासून आपल्या मोठ्या शहरांत दहा मिनिटांत किराणा आणून देण्याच्या जाहिराती होऊं लागल्या. जेथें फेरीवर मजुरी ठरते तेथें मोह अधिक असतो, हें खरें. एकट्या तरुणास दोष देऊन भागत नाहीं. तरी गाडीचा कान त्याच्या मुठींत असतो, आणि मोडणारें हाडहि बहुधा त्याचेंच असतें.

२. निघण्यापूर्वींचें काम

चांगला ड्रायव्हर किल्ली फिरविण्यापूर्वीं गाडीभोंवतीं एक फेरी मारतो. टायरांतील हवा, ब्रेक, दिवे, आरसे आणि भोंगा पाहण्यास पांच मिनिटें पुरतात. नंतर तो दिवसाचे पत्ते वाचून त्यांचा क्रम लावतो. टेंपोंत माल भरतांना जें शेवटीं द्यावयाचें तें प्रथम आंत ठेवावें, आणि जें प्रथम द्यावयाचें तें दाराशीं ठेवावें. जड वस्तु खालीं, हलकी वर. कांचेची व औषधांची निराळी. दुचाकीवर ओझें उंच बांधूं नये. तें वळणावर गाडीस एका अंगास ओढतें. ज्यानें असा माल लावला त्यास प्रत्येक दारापाशीं पोतें उपसावें लागत नाहीं. चाळीस दारांवर प्रत्येकीं दोन मिनिटें वांचलीं तर ऐंशीं मिनिटें झालीं. इतका वेळ कोणताहि वेग देऊं शकत नाहीं.

मुंबईचे डबेवाले हाच धडा शिकवितात. इ.स. १८९० च्या सुमारास हें काम सुरू झालें, व तें करणारे बहुतेक मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर या भागांतील खेड्यांतून आलेले. डब्याच्या झाकणावरील अक्षरें, आंकडे व रंग यांवरून तो कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतींत व कितव्या मजल्यावर न्यावयाचा, हें कळतें. एक डबा वाटेंत अनेक हातांतून जातो, तरी जेवणाच्या वेळीं तो धन्यापुढें असतो. त्यांच्यापाशीं सायकल, हातगाडी व लोकल गाडी एवढेंच साधन होतें. सारी करामत व्यवस्थेची, वेगाची नव्हे.

३. पत्ता वाचणें

पार्सलावरील सहा आंकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील महाराष्ट्रीय अधिकारी व संस्कृत कवि होते. पहिला आंकडा देशाचा विभाग दाखवितो. महाराष्ट्र व गोवें यांचा आंकडा ४ आहे. पहिले तीन आंकडे मिळून माल कोणत्या जिल्ह्याकडे वळवावयाचा हें ठरतें, व शेवटचे तीन वांटप करणारें टपाल कचेरी दाखवितात. परंतु येथें पिनकोडाचें काम संपतें. एका पिनकोडांत अनेक गांवें व वाड्या असतात, आणि तेथून घराच्या उंबऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो.

खेड्यांत घरांस नंबर नसतात, खुणा असतात. विहीर, पार, शाळा, गिरणी, पाण्याची टाकी. एका गांवांत एकाच आडनांवाचीं वीस घरें असतात. यास्तव चांगला ड्रायव्हर निघण्यापूर्वींच फोन करून खूण विचारतो, व ती आपल्या वहींत टिपून ठेवितो. नकाशा दाखविणारें यंत्र उपयोगी खरें, पण पावसाळ्यांत ओढ्यावरील फरशी पाण्याखालीं आहे कीं नाहीं, हें त्यास पुष्कळदां कळत नाहीं. तें वाटेवरच्या माणसास विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

४. रस्त्यावर

अमेरिकेंत युनायटेड पार्सल सर्व्हिस ही कंपनी इ.स. १९०७ पासून हा धंदा करीत आहे. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. म्हणून डावीकडे वळतांना समोरून येणाऱ्या रांगेस छेदून जावें लागतें. तीं वळणें होतां होईल तों टळावीं अशा बेतानें ती कंपनी आपले मार्ग आंखते. त्यानें अपघात कमी होतात आणि खोळंबा व इंधनहि वांचतें. आपल्याकडे हाच नियम उजव्या वळणास लागू पडतो. याच कंपनींत, टाळतां येण्याजोगा एकहि अपघात न करितां ज्यांनीं पंचवीस वर्षें गाडी चालविली, त्यांचा विशेष सन्मान होतो. हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आणखी कांहीं नियम थोडक्यांत सांगतों. ताशीं ४० वेगानें जातांना तीन सेकंद फोनकडे पाहिलें तर गाडी ३३ मीटर आंधळी चालते; फोन पाहावयाचा तर गाडी थांबवून पाहावा. ताशीं ६० वेगानें चार सेकंदांची डुलकी लागली तर ६७ मीटर अंतर निद्रेंत कापलें जातें. इ.स. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्यानें दिवसास आठ तासांची मर्यादा व पांच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति ठरविली होती. त्यामागचें शहाणपण आजहि तितकेंच खरें आहे. पहिल्या पावसांत रस्त्यावरील धूळ व तेल मिळून निसरडें होतें, तेव्हां पुढील गाडीपासून अंतर दुप्पट ठेवावें. टेंपो मागें घेण्यापूर्वीं खालीं उतरून मागें पाहावें, कारण अंगणांत खेळणारें लहान मूल आरशांत दिसत नाहीं. शिरस्त्राण नीट बांधून घातल्यास दुचाकीच्या अपघातांतील मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं कमी होतो, असें अनेक ठिकाणच्या संशोधनावरून काढलेलें अनुमान आहे. तें हातास अडकवून काय लाभ?

५. दारापाशीं

येथें ड्रायव्हरचें शील दिसून येतें. त्यानें हांक मारावी, नांव सांगावें व उंबऱ्याबाहेर उभें राहावें. घरांत एकटी स्त्री किंवा वृद्ध मनुष्य असल्यास पार्सल हातीं देऊन, पैसे समक्ष मोजून, नम्रतेनें निघावें. कोणाच्या घरीं कोणतें औषध येतें, कोणी काय विकत घेतलें, ही गोष्ट त्यानें चावडीवर सांगूं नये. जें पार्सल बंद आहे तें त्याच्या मुखींहि बंद असावें. वसूल केलेले पैसे स्वतःच्या पैशांत कधींहि मिसळूं नयेत. दोन खिसे वेगळे ठेवावे व त्याच सायंकाळीं हिशेब द्यावा. ‘उद्यां भरीन’ या एका शब्दानें पुष्कळ चांगलीं मुलें अडचणींत आलीं आहेत.

६. चूक किंवा अपघात झाल्यास

वस्तु फुटली किंवा भलत्या घरीं गेली तर तें लगेच कचेरींत कळवावें; झांकलेली चूक दुसऱ्या दिवशीं लबाडी ठरते. अपघात झाल्यास पळून जाऊं नये. मोटार वाहन कायदा, १९८८, याप्रमाणें जखमी मनुष्यास औषधोपचार मिळवून देण्याची खटपट करणें हें ड्रायव्हरचें कर्तव्य आहे. इ.स. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्या वाटसरूसहि संरक्षण मिळालें आहे. तसेंच त्या कायद्याप्रमाणें व्यापारी वाहतुकीचें वाहन चालविण्यास वय वीस वर्षें पुरें असावें लागतें. आपल्या मुलाचें वय लपवून त्यास टेंपोवर बसविणारा बाप त्याचें हित करीत नाहीं.

७. माल घेणाऱ्याचें कर्तव्य

हा पाठ केवळ ड्रायव्हरसाठीं नाहीं. आपण पत्ता पुरा व खुणेसह लिहावा, फोन उचलावा, सांकेतिक आंकडा व सुटे पैसे तयार ठेवावे. पांच मिनिटें उशीर झाला म्हणून तक्रार नोंदवूं नये; त्या तक्रारीनें एखाद्याचा दिवसाचा रोजगार जातो, आणि उद्यां तो अधिक वेगानें येतो. त्यास दारांत पाण्याचा तांब्या द्यावा. तोहि कोणाचा तरी मुलगा आहे, व सायंकाळीं त्याचीहि कोणी वाट पाहत असतें.

सारांश, चांगला ड्रायव्हर तो कीं ज्याचें सारें पार्सल पोंचलें, सारा हिशेब जुळला, वाटेंत कोणास इजा झाली नाहीं, आणि जो स्वतःहि घरीं पोंचला.

विचारासाठीं प्रश्न

१. ताशीं ४० ऐवजीं ६० वेगानें गेल्यास पांच किलोमीटरांत किती वेळ वांचतो? त्याबदल्यांत काय धोक्यांत पडतें?
२. डबेवाल्यांच्या रीतींतील कोणती गोष्ट आपल्या गांवच्या ड्रायव्हरास उपयोगी पडेल?
३. आपल्या घराचा पत्ता अनोळखी माणसास सांपडेल असा लिहून पाहा.
४. ड्रायव्हरनें घाई करूं नये म्हणून माल घेणाऱ्यानें काय करावें?