ड्रमच्या काठ्यांची जोडी

बँड वाजूं लागला म्हणजे सर्वांचें लक्ष ड्रमकडे जातें. वादकाच्या हातांतील काठ्यांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. आमचेंही तसेंच झालें. एके वर्षीं शाळेच्या बँडकरितां आम्हीं शहरांतील एका दुकानांतून डझनभर काठ्या आणविल्या. काठी जितकी जाड तितका आवाज मोठा, या समजुतीनें जाडच मागविल्या व न तपासतां मुलांस वांटून दिल्या. पुढें कवाईतीच्या वेळीं एका विद्यार्थ्याचा ‘रोल’ लंगडूं लागला. सरावांत हयगय केलीस, असा सर्वांदेखत आम्हीं त्यास बोल लाविला. तो कांहीं बोलला नाहीं. सायंकाळीं त्याच्या काठ्या सहज टेबलावर लोटून पाहिल्या, तों एक सरळ घरंगळत गेली व दुसरी डुलत डुलत गेली. ती वांकडी होती, आणि वजनानेंही हलकी होती. दुसऱ्या दिवशीं आम्हीं सर्वांदेखतच त्याची क्षमा मागितली.

रोल म्हणजे दोन्ही हातांचे ठोके इतके लागोपाठ पाडावयाचे कीं सलग एकच नाद ऐकूं यावा. यांत काठी कातड्यावरून आपोआप उसळते, व हात त्या उसळीस केवळ आवर घालतो. दोन काठ्यांचें वजन भिन्न असेल, तर उसळीही भिन्न. मग मुलानें कितीही घोटलें तरी काय होणार?

विकत घेतांना काठी प्रथम सपाट काचेवर लोटावी. नंतर लाकडाच्या रेषा पाहाव्या. त्या टोंकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्या, आडव्या फुटल्या असतील तेथें काठी मोडते. शेवटीं दोन्ही काठ्या एकेक करून लाकडी फळीवर वाजवाव्या व स्वर जुळतो कीं नाहीं तें ऐकावें. दुकानदार कंटाळेल, कंटाळूं द्यावें. बोस्टन सिंफनीचे टिंपनीवादक विक फर्थ यांस बाजारांतील काठ्या पसंत पडेनात, म्हणून त्यांनीं १९६३ सालीं स्वतःचा कारखाना काढला. तेथें काठ्या वजन व स्वर जुळवूनच जोडीनें विकूं लागले.

काठ्यांवरील अक्षरांचा उलगडा असा: एस म्हणजे रस्त्यावरील मिरवणूक, बी म्हणजे बँड, आणि ए म्हणजे ऑर्केस्ट्रा. आंकडा जितका लहान तितकी काठी बहुधा जाड. ५ ए सुमारें १४ मिलिमीटर जाड असते, तर २ बी सुमारें १६. मैदानांत जाड काठी शोभते खरी, पण बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटास ती दुखविते. त्यास ७ ए किंवा ५ ए पुरे. लाकडांत हिकरी उत्तम, कारण ठोक्याचा धक्का ती पुष्कळसा आपणच शोषते. मेपल हलकें, ओक जड व टणक. आपल्याकडील ताशेवाल्याच्या काड्या किती बारीक असतात, तरी ताशा गल्लीच्या टोंकापर्यंत ऐकूं जातो, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

एक काठी मोडल्यास उरलेली दुसऱ्या कोणाच्या काठीशीं जोडूं नये. आमच्या त्या विद्यार्थ्यानें आपल्या नव्या ५ ए जोडीवर शाईनें खूण केली आहे, व बँडच्या पेटींतून ती तो कोणास उचलूं देत नाहीं.