निकाली निघालेले तंटे

१५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आर. आर. आबांनी, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. पुढं काही वर्षांनी आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावानं मला तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष केलं. कारण एवढंच, की दोन्ही भावक्यांशी माझं बोलणं होतं. त्या काळात जे पदरात पडलं ते लिहून ठेवतोय.

१. चोरीची तक्रार द्यायला जाताना बिल घेऊन जा. माझीच विहिरीवरची मोटार केबलसकट गेली, तेव्हा मी रिकाम्या हातानं ठाण्यात गेलो. कंपनी विचारली, सांगितली. नंबर विचारला, गप्प. पुढं चोरटे सापडले, मोटारी ओळीनं मांडलेल्या, सगळ्यांचा रंग हिरवा. त्यातली माझी कोणती, हे मला शपथेवर सांगता येईना. बिलवाले कोर्टात अर्ज देऊन आपापली मोटार घेऊन गेले. केबल तर सापडतच नाही. कालव्याच्या कडेला काळा डाग आणि जळक्या प्लास्टिकचा वास तेवढा राहतो. तांबं भंगारात गेलेलं असतं.

२. एनसीचा कागद मिळाला म्हणून समोरचा आत जात नाही. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. हे माहीत नसलं की माणूस खुशीत घरी येतो, दुसऱ्या दिवशी समोरचाही आपली एक टाकून येतो आणि दोघांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई, होते. मग बांध कोरला म्हणून भांडलेले दोघं तहसिलीत एकाच बाकावर बॉण्ड द्यायला बसतात. १ जुलै २०२४ पासून कलमांचे नंबर बदलले, बाक तोच आहे.

३. पुढाऱ्याच्या फोनवर विसंबू नका, फोन दोन्हीकडून जातो. २०२४ च्या विधानसभेला दिलीप वळसे पाटील इथून १,५२३ मतांनी निवडून आले. इतक्या मतांवर निकाल लागतो तिथं एका भावकीचं वजन किती, हे कुठल्याच पक्षाच्या कार्यकर्त्याला शिकवावं लागत नाही. त्यामुळं मारामारी झाली की दोन्ही बाजूंना कुणीतरी 'साहेबांशी बोलतो' म्हणणारा भेटतोच. २०२१ साली वळसे पाटील गृहमंत्री झाले, गृहखातं आमच्याच तालुक्यात आलं, तेव्हा पारावर लोक छाती पुढं काढून बसायचे. केबल चोरणाऱ्याला खातेवाटप कुठं कळतंय!

४. वाटेच्या तंट्यात गावबैठक चालू असली तरी तहसीलदाराकडं अर्ज देऊन ठेवा. हे मी दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकलो, आणि नुकसान मी केलं होतं. जानेवारीत आमच्या एका तात्यांच्या उसाची वहिवाटीची वाट शेजाऱ्यानं जेसीबीनं चर खणून बंद केली. ऊस तोडीला आलेला, टोळी कोपीवर बसून, ट्रॅक्टर चराच्या अलीकडं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतो. फक्त तो झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागायला लागतं. मला हे ठाऊक होतं. पण अर्ज गेला की तंटा गावाबाहेर गेला. आणि मोहिमेत मिटवलेल्या तंट्यांना गुण, गुणांवर गावाला लाखांतलं बक्षीस. मी म्हणालो, "तात्या, थांबा जरा, घरातलं भांडण आहे, बसून मिटवू." पहिल्या बैठकीला शेजारी आला. दुसरीला त्याचा पोरगा आला. तिसरी यात्रेमुळं पुढं गेली, चौथीला आम्हीच चौघं. तोवर तात्यांनी मोळ्या डोक्यावर वाहून ऊस बाहेर काढला, मजुरी वेगळी मोजून. ऑगस्टात ते वकिलाकडं गेले. वकिलानं तारखा विचारल्या आणि पेन खाली ठेवलं. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवीन रस्ता मागणं आलं: नकाशा, लगतच्या सगळ्यांना नोटिसा, स्थळपाहणी. वाट मिळाली, पण लांबून वळसा घालून. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्याकडं चहा मात्र घेत नाहीत.

५. मोजणीच्या खुणा रोवल्या की लगेच फोटो काढा. आमच्याकडं दगड रात्री चालतात.

६. दावा चालू असेल आणि तडजोड करायचीच असेल, तर घोडेगावच्या कोर्टात लोकअदालतीला करा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, कोर्ट फीसुद्धा परत मिळते. देवळात लिहिलेला कागद पुढच्या पेरणीपर्यंत टिकला तरी नशीब.

७. घरातली मारहाण समितीनं मिटवायची नसते. एका सुनेचं प्रकरण आम्ही नारळ फोडून मिटवलं. नवरा सगळ्यांच्या पाया पडला, सासऱ्यानं चहा सांगितला, तिनं मान हलवली. तिला बाजूला घेऊन कुणी काही विचारलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, संरक्षण अधिकारी, हे सगळं माझ्याच पिशवीतल्या पुस्तिकेत होतं. दोन महिन्यांनी ती पहाटेच्या एसटीनं जुन्नरकडं माहेरी गेली, ती परत आली नाही. ते रजिस्टर अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. तिच्या नावापुढं माझ्या अक्षरात 'निकाली' लिहिलंय. खाली नवऱ्याची सही आणि तिचा अंगठा. ती बारावी झालेली होती.