दीनांना वाट दाखवणारा देव

आजचं वचन: स्तोत्रसंहिता २५:८-९. आधी बायबल उघडा, दोन्ही वचनं सावकाश वाचा, मग पुढे या.



दाविदाचं हे स्तोत्र इब्री वर्णमालेच्या क्रमाने बांधलेलं आहे. नववं वचन 'योद' या अक्षराने सुरू होतं, आणि योद हे इब्रीतलं सगळ्यात लहान अक्षर. नम्र लोकांविषयीचं वचन नेमकं त्याच अक्षरावर यावं! यातून मोठा सिद्धांत काढायची गरज नाही, पण मला गंमत वाटली.

आठव्या वचनात देव पाप्यांना मार्ग शिकवतो आणि नवव्यात दीनांना. तिथला इब्री शब्द 'अनावीम' एकाच वचनात दोनदा येतो. मराठीत 'दीन' म्हटलं की आपल्याला 'दीनवाणा' आठवतो, मान खाली घालून कोपऱ्यात उभा असलेला. पण हाच शब्द गणना १२:३ मध्ये मोशेसाठी आला आहे. फारोसमोर जाऊन उभा राहिलेला मोशे! म्हणजे शास्त्रातली दीनता आणि दीनवाणेपणा वेगळे. मग दीन माणसात असं काय असतं, की देव त्यालाच वाट दाखवू शकतो?

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत काम करतो. (बाहेरच्या मित्रांना 'पंचतारांकित' ऐकून हॉटेल आठवतं. इथे फाउंड्र्या, मशीन शॉप आणि सूतगिरण्या आहेत.) मशीनवरची मोजमापं स्क्रीनवर आणणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. सीएनसीवर बोअर करताना इन्सर्टचं टोक हळूहळू झिजतं आणि बोअर काही मायक्रॉनने लहान येऊ लागतो. म्हणून ऑपरेटर ठरावीक जॉबनंतर गेज लावतो आणि जेवढा फरक दिसतो तेवढा ऑफसेट देतो. प्रोग्राम तोच राहतो, मशीनही तेच. झीज होणार हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं, त्यामुळे ऑफसेट द्यावा लागला म्हणून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. गेज लावायचं मात्र टाळलं, तर शिफ्टच्या शेवटी रिजेक्शनची ट्रॉली भरते.

आपण देवाकडे मार्गदर्शन मागतो तेव्हा मनात गुगल मॅप असतो. निघण्याआधीच सगळी निळी रेघ दिसली पाहिजे. पण देवाचं मार्गदर्शन बहुतेक वेळा ऑफसेटसारखं येतं. चालू कामात, थोडंथोडं, मोजल्यानंतर. दीन माणूस म्हणजे गेज लावू देणारा माणूस.

मशीनला अहंकार नसतो, आपल्याला असतो. इथे ही उपमा संपते. शौल आणि दावीद, दोघांनाही देवाने संदेष्ट्याकडून चूक दाखवली. शमुवेलाने विचारल्यावर शौलाचं उत्तर (१ शमुवेल १५) वाचा. मेंढरं लोकांनी ठेवली, तीही यज्ञासाठीच, आणि मी तर आज्ञा पाळलीच आहे! आपल्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये हे उत्तर सहज खपून जाईल. नाथानाने बोट दाखवल्यावर दावीद मात्र एका वाक्यात पाप कबूल करतो (२ शमुवेल १२:१३). दाविदाचं पाप काही लहान नव्हतं. तरी वाट दावीदालाच सापडली.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घ्यायला. आदल्या वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी या देशातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं होतं. पण त्यांना कमी ऐकू येत होतं, आणि त्यामुळे वैद्यकीचा रस्ता बंद झाला. देवाने त्यांचे कान बंद केले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या दुखण्याचं कारण इतक्या सहज सांगू नये. पण बंद दारापुढे त्या बसून राहिल्या नाहीत, एवढं मात्र दिसतं. त्या चेल्टनहॅमला शिकल्या, शिकवू लागल्या, मग अमेरिकेत गेल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं.

पुढे शारदा सदन पुण्याला आलं. सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली. हिशेब सरळ होता. १८९६-९७ ला दुष्काळ पडला. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग, त्यामुळे इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. मग फळबागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवरच मुलींची सोय झाली आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. जमीन घेताना त्यांच्या कागदावर हे नव्हतं.

आणि रमाबाई दीनवाण्या होत्या का? मुळीच नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी पत्रांतून रोखठोक वाद घातला. बाप्तिस्मा झाला होता, तरी चर्चचा प्रत्येक शब्द त्यांनी मुकाट मान्य केला नाही. म्हणून तरुण मित्रांनो, आणि विशेषतः मैत्रिणींनो, कुणी आपलं मत तुमच्यावर लादून 'नम्र हो' म्हणत असेल, तर तो गेज आहे की नुसता आवाज, हे आधी वचनाला लावून पाहा.

पण याच बाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं, विल्यम हॅस्लम नावाच्या एका पाळकाचं पुस्तक वाचताना. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेली, देशोदेशी भाषणं केलेली बाई हे जाहीरपणे लिहिते! मला रमाबाईंचं सगळ्यात मोठं धैर्य इथे दिसतं. नंतर त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत ते काम चाललं.

आता तुमच्याविषयी. कुणाच्या हातात पुण्याची ऑफर आहे आणि घरी आजारी आई आहे. कुणाचं लग्नाचं बोलणं थांबलंय. कुणी ट्रेनी म्हणून राबतोय आणि पर्मनंटचं पत्र येत नाही. तुम्ही प्रार्थना करताय आणि समोर फक्त 'नाही' येतंय. प्रेषितांची कृत्ये १६:६-१० काढा. पौलाला आसियात वचन सांगायला मनाई झाली. बिथुनियाकडे वळला, तिथेही नाही. कारण एकदाही सांगितलेलं नाही. अशा दोन नकारांनंतर तो त्रोवसला समुद्राकाठी पोचतो.

तिथे रात्री दृष्टान्त झाला, तो एकट्या पौलाला. पण दहावं वचन नीट बघा. तोपर्यंत 'ते' गेले, 'ते' आले असं चाललेलं वर्णन अचानक 'आम्ही' होतं. आम्ही ताडलं, आम्ही निघालो. पौलासारख्या माणसानेही दर्शनाचा अर्थ एकट्याने ठरवला नाही, सोबत्यांबरोबर ठरवला. पुढे फिलिप्पै, नदीकाठची प्रार्थना, लुदियाचं घर.

तेव्हा या आठवड्यात ऑफर लेटरवर सही करण्याआधी दोन विश्वासी माणसांना भेटा. त्यातला एक तरी असा निवडा, जो तुम्हाला 'नाही' म्हणू शकेल. त्याला सगळं सांगा, पगाराचा आकडासुद्धा. मग त्याच्याबरोबर बसून स्तोत्र २५ मोठ्याने वाचा.

उद्याचं वाचन: स्तोत्रसंहिता ३२. नवव्या वचनातल्या खेचराविषयी बोलू.