गॉडझिलाचा जन्म कोणत्या युगातला?

वेरूळचे कैलास लेणे तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. सुमारे ३० मीटर उंचीचे ते मंदिर अंगणातून पाहताना मान अवघडते. त्याच्या शेजारी ५० मीटर उंच प्राणी उभा आहे अशी कल्पना करा! इशिरो होंडा यांच्या १९५४ च्या जपानी चित्रपटातील 'गॉडझिला' एवढा उंच होता.

चित्रपटातील शास्त्रज्ञ सांगतो, की हा २० लाख वर्षांपूर्वीच्या जुरासिक काळातील प्राणी; समुद्रतळाशी दडलेला, हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांमुळे बाहेर आलेला. पुरावा काय? त्याच्या पावलाच्या ठशात सापडलेला ट्रायलोबाइट हा जलचर!

हा पुरावा आपण वेरूळच्या खडकावरच घासून पाहू. ही लेणी बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हारसात कोरलेली आहेत. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पक्षी वगळता सारे डायनोसॉर त्याच सुमारास नाहीसे झाले. जुरासिक काळ त्याहूनही आधी, सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वी संपला होता. ट्रायलोबाइट तर २५ कोटी वर्षांपूर्वीच, डायनोसॉर अवतरण्याआधी, नामशेष झाले. मग २० लाखांचा मेळ कसा बसणार?

महाराष्ट्रातही डायनोसॉर होते. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे लाव्हाच्याच काळातील गाळाच्या थरांत लांब मानेच्या, शाकाहारी 'इसिसॉरस'ची हाडे मिळाली. हा अवजड प्राणी चार पायांवर चालत असे.

गॉडझिला मात्र दोन पायांवर! ५ मीटर उंचीचा प्राणी सर्व बाजूंनी दहापट वाढवला, तर हाडांचा काटछेद १०० पट होईल, पण वजन १००० पट. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार येईल. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे तत्त्व मांडले होते.

मग गॉडझिलाचे खरे मूळ कोठे? १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. तिची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तिच्यावरचे २३ही जण आजारी पडले. त्याच वर्षी हा चित्रपट आला. हा राक्षस जुरासिक काळातून नव्हे, तर माणसाच्या भीतीतून जन्मला.

करून पाहा : मातीचे १, २ व ३ सेंटिमीटर बाजूचे घन बनवा. प्रत्येकाचे वजन करा आणि त्याला तळाच्या क्षेत्रफळाने भागा. उत्तरे कशी वाढत जातात?