गोलरक्षक : उरलेल्या मुलाची जागा नव्हे



खेळाच्या तासाला फुटबॉलचे दोन गट पडतात. चपळ मुले आपापल्या जागा पटकावतात. आणि जो शेवटी उरतो, जो संथ वा बुजरा असतो, त्यास “तू गोलमध्ये उभा राहा” असे सांगितले जाते. गोल झाला की सारा गट त्याच्यावर ओरडतो. शाळाभेटींच्या वेळी हे दृश्य मी अनेक पटांगणांवर पाहिले आहे. कामठीसारख्या फुटबॉलवेड्या गावाच्या जिल्ह्यात तरी ते दिसू नये. अशा प्रसंगी मूल खेळ शिकत नाही. आपण टाकाऊ आहोत, एवढेच शिकते.

वस्तुतः गोलरक्षकाची जागा ही विचारी खेळाडूची जागा होय. या दृष्टीने गोव्याचे श्री. ब्रह्मानंद शंखवाळकर यांचे चरित्र मुलांना सांगण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १९५४ सालचा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते अवघे सात वर्षांचे होते. पुढे साळगावकर संघाचे गोलरक्षण त्यांनी दीर्घकाळ केले. १९८३ ते १९८६ या काळात ते भारतीय संघाचे कर्णधार होते. त्या वेळी देशात आजच्यासारखी व्यावसायिक स्पर्धा नव्हती. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली. तत्पूर्वीचे बहुतेक नामवंत खेळाडू कंपनी, बँक, रेल्वे वा पोलीस खात्यात नोकरी करून खेळत.

त्यांच्या काळातील एक प्रसंग विशेष बोधप्रद आहे. १९८३ साली संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात गोवा आणि बंगाल समोरासमोर आले. एकही गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळविण्यात आला. तरीही गोल झाला नाही, आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. पुढच्या वर्षी गोव्याने तो करंडक एकट्याने जिंकला. जेथे गोलच होत नाही तेथे सामना कोणाच्या बळावर टिकतो, हे मुलांना विचारावे.

गोलरक्षकाच्या कामाची दाद मात्र उशिरा मिळते. श्री. शंखवाळकर यांना अर्जुन पुरस्कार १९९७ चा मिळाला आणि पद्मश्री २०२२ साली, म्हणजे मैदान सोडल्यावर कित्येक वर्षांनी. सर्वोत्तम फुटबॉलपटूस मिळणारा सुवर्णचेंडू पुरस्कारही आजवर एकाच गोलरक्षकास लाभला आहे : १९६३ साली सोव्हिएत संघाचे लेव्ह याशिन यांना.

पाठ : गोलरक्षक पुढे का येतो? (इयत्ता चौथी व पुढे)

साहित्य : दोन काठ्या, एक खुंटी, सुतळी, मोजपट्टी, फक्की, चेंडू.

कृती : मैदानावरील खडे मुलांकडून वेचून घ्यावेत. मोठ्यांच्या सामन्यात गोलची रुंदी ७.३२ मीटर व उंची २.४४ मीटर असते. आपण ३ मीटर अंतरावर दोन काठ्या रोवाव्यात. गोलच्या मध्यापासून सरळ समोर ६ मीटरवर खुंटी ठोकून तेथे चेंडू ठेवावा. खुंटीपासून दोन्ही काठ्यांपर्यंत सुतळी ताणावी. त्रिकोण तयार होईल. गोलरेषेवर उभ्या असलेल्या मुलास ३ मीटर रुंदी राखावी लागते. आता त्यास २ मीटर पुढे आणावे आणि तेथे दोन सुतळ्यांमधील अंतर मोजण्यास सांगावे. ते २ मीटर भरेल. एका जागी थिजून न राहता योग्य वेळी पुढे आल्यास काम हलके होते, हे मुलांना स्वतःच्या मापाने पटेल. मात्र फार पुढे गेल्यास चेंडू डोक्यावरून जातो, हेही करून दाखवावे. सुतळी व खुंटी काढल्यावरच चेंडू मारू द्यावा.

या कृतीत अवश्य लक्षात येईल की, पळण्यात मागे असणारे मूल अंतर जोखण्यात पुष्कळदा पुढे असते.

शिक्षकांनी पाळावयाचे नियम

१. गोलरक्षक पाळीपाळीने बदलावा. वर्गातील प्रत्येक मुलाने व मुलीने ती जागा अनुभवावी.

२. गोल झाल्यावर खेळ क्षणभर थांबवून विचारावे : “चेंडू येथवर येण्यापूर्वी कोणाकोणाजवळून गेला?” अकरांच्या संघात गोलरक्षकाच्या पुढे दहा जण असतात. दोष एकाच्या माथी मारण्याची सवय अशाने सुटते.

३. अडविलेल्या चेंडूची नोंद फळ्यावर करावी. झालेल्या गोलांची संख्या सर्वांच्या लक्षात राहते. वाचविलेल्या गोलांची कोणी ठेवीत नाही.

पुढील आठवड्यात खेळाच्या एका तासाला हा पाठ घेऊन पाहावा. जे मूल आजवर शेवटी उरत होते, त्याने स्वतः होऊन “गुरुजी, आज मी गोलमध्ये उभा राहू?” असे विचारले, तर पाठ सफल झाला असे समजावे.